शाळेची पायरी आणि घराचा उंबरठा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पालक व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात बोलण्यासाठी संयोजकांनी मला ‘शाळा आणि पालक यांच्यातील संवाद’ हा विषय दिला. निमंत्रणपत्रिकेत तो वाचून एका परिचित गृहस्थांनी मला विचारले, “बाई, यात पाऊण तास बोलण्यासारखे काय आहे? शाळेने बोलवावे, पालकांनी जावे, झाले.” प्रश्न रास्त आहे. परंतु सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एकतीस वर्षे अध्यापन केल्यावर माझा अनुभव असा आहे की, हे ‘झाले’ सहसा होतच नाही. शिक्षकांच्या खोलीत बसले की ऐकू येते, “पालक येत नाहीत हो. आले तरी मुलाची इयत्ता सांगता येत नाही.” आणि लग्नकार्यात, बाजारात, एस. टी. स्टँडवर पालक भेटले की ऐकू येते, “शाळा बोलावते ती एकतर फीसाठी, नाहीतर तक्रारीसाठी. आमचे कोण ऐकते?” या दोन्ही तक्रारी मला खऱ्या वाटतात. म्हणूनच हा विषय मी स्वीकारला.

प्रथम थोडे मागे जाऊ. या प्रश्नाची मुळे आपल्याच मातीत फार स्पष्ट दिसतात, आणि ती पाहण्यासाठी साताऱ्याहून दूर जाण्याची गरज नाही.

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, सुभेदार रामजी यांच्या धाकट्या मुलाचे, भिवाचे, नाव दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि भिवा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे आपण सर्व जाणतो. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने मला विद्यार्थ्याइतकेच पालकाविषयी बोलायचे आहे. रामजी हे निरक्षर किंवा बेफिकीर पालक नव्हते. सैन्याच्या शाळेत त्यांनी स्वतः मुख्याध्यापकाचे काम केले होते. शाळा कशी चालते, मूल कसे शिकते, हे त्यांना वर्गातल्या कित्येक शिक्षकांहून अधिक कळत असेल. आणि तरीही त्यांचा मुलगा वर्गात स्वतंत्र गोणपाटावर बसत होता. ते गोणपाट त्याला घरून आणावे आणि घरी परत न्यावे लागे. शिपाई नसेल तर प्यायला पाणीही मिळत नसे. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आता सांगा, या पालकाने शाळेशी कोणता संवाद करायचा होता? बोलण्याची पात्रता त्यांच्याकडे पुरेपूर होती. पण त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची कोणतीच सोय त्या व्यवस्थेत नव्हती. पालकांची उदासीनता हे कारण आपण फार सहज पुढे करतो, म्हणून हे उदाहरण आधी दिले.

आणखी एक गोष्ट. त्या काळात रामजी नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात गोरेगावला होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलावाचे खोदकाम चालू होते आणि रामजी तेथे रोखपाल होते. आई निवर्तलेली, मुले साताऱ्यात आत्याच्या सांभाळात, वडील परगावी. हे चित्र ध्यानात ठेवा. त्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

याच साताऱ्यात पाव शतकानंतर काय घडले पाहा. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव या सभागृहात कोणाला सांगावे लागणार नाही. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला, आपल्याच समाजातील एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ घर वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून ते शिकले. १९१० मध्ये त्यांनी दुधगावला सहकाऱ्यांच्या मदतीने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आणली. हा तपशील आपल्या स्मरणिकांतून, जयंतीच्या भाषणांतून वारंवार येतो. पण आपण भाऊरावांना फक्त संस्थापक म्हणून वंदन करतो, आणि त्यांचे सर्वांत अवघड काम नजरेआड होते. ते काम म्हणजे पालकांशी बोलणे.

त्या काळच्या खेड्यातील पालकाचे प्रश्न कोणते असतील, याचा विचार करा. पोरगा शाळेत गेला तर गुरे कोण राखणार? साताऱ्यात तो राहील कोठे, खाईल काय? कोणाच्या पंक्तीला बसेल? आणि शिकून पुन्हा शेताकडे वळेल की नाही? यांतला एकही प्रश्न अडाणीपणाचा नाही. चार बिघे कोरडवाहू जमीन असलेल्या बापाने हेच विचारायला हवे. भाऊरावांनी हे प्रश्न शाळेच्या कचेरीत बसून ऐकले नाहीत. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचमालाचा प्रचार करीत ते गावोगाव फिरले होते. शेतकऱ्याच्या सोप्यात बसून बोलण्याची त्यांना सवय होती. म्हणून त्यांच्या संस्थेची रचनाच त्या प्रश्नांची उत्तरे देणारी झाली. राहायचे कोठे, याचे उत्तर वसतिगृह. पैसे नाहीत, याचे उत्तर श्रम करून शिकणे. शेताला पारखा होईल, याचे उत्तर विद्यार्थ्याच्या हातातील कुदळ. आणि पंक्तीच्या प्रश्नाला उत्तर देताना मात्र त्यांनी पालकांची मनधरणी केली नाही. सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवतील, हे त्यांनी सांगितले आणि पाळले. संवाद म्हणजे समोरचा म्हणेल ते मान्य करणे, असा अर्थ त्यांनी कधी घेतला नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

साताऱ्यात धनिणीच्या बागेतील त्या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. गोणपाटाच्या वर्गापासून हे गाव सत्तावीस वर्षांत एका पंक्तीपर्यंत आले. ती पंक्ती चालवली लक्ष्मीबाई वहिनींनी. सोवळ्याओवळ्याच्या, धार्मिक घरात वाढलेल्या या माउलीने परजातीची, परगावची मुले पोटाशी धरली आणि धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. ही कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात, ते स्वाभाविक आहे. पण एका पालकाच्या बाजूने ती पाहा. ज्या बाईने माझ्या पोराला जेवू घातले, तिला मी काय परत देऊ? त्याचे उत्तर मुष्टिफंडाने दिले. दळणाच्या वेळी घरातील बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते बोर्डिंगला द्यायचे. ती मूठ गरिबातल्या गरीब घरालाही परवडत होती. त्या मुठीमुळे पालक हा शाळेचा याचक राहिला नाही, देणारा झाला. देणाऱ्याला बोलण्याचा अधिकार असतो. १९४८ नंतर सरकारी अनुदान थांबले, त्या काळात संस्था तगली ती अशाच लहान हातांवर. पुढे गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

आज आपण शाळेला मुष्टिफंडाच्या कित्येक पट अधिक देतो. फी देतो, देणगी देतो, बसचे भाडे देतो, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचे पैसे देतो. मग त्या बाईला होता तेवढा बोलण्याचा अधिकार आपल्याला का वाटत नाही? माझ्या मते याचे कारण असे की, आता शाळा आपल्याला रकमेची पावती देते आणि मुलाचा कागद देते, आणि तेवढ्यावर दोन्ही बाजूंचे समाधान होते.

कायद्याकडे पाहिले तर तक्रारीला फारशी जागा नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. नियमित येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे यांबरोबरच पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व झालेली प्रगती यांविषयी त्यांना अवगत करणे, हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून तेथे लिहिले आहे. म्हणजे पालकसभा हा मुख्याध्यापकांच्या उत्साहाचा विषय नाही, कायद्याचा आहे. एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन आहे. खाजगी शाळांसाठी महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आवश्यक केला आणि त्याच्या कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडायचे ठरवले. सोडत अशासाठी की शाळेच्या मर्जीतलेच चार पालक दरवर्षी खुर्चीवर बसू नयेत. ज्याने ही तरतूद सुचवली त्याने शाळा फार जवळून पाहिल्या असाव्यात.

पण कायदा सभा घडवतो, बोलणे घडवत नाही. सभेचे इतिवृत्त सभेच्या आधी लिहून तयार असल्याचे मी पाहिले आहे, आणि इतिवृत्ताच्या वहीवर सही करून पालकांनी चहा न घेताच निघून गेल्याचेही पाहिले आहे. वहीत सारे व्यवस्थित असते. विषय क्रमांक एक, दोन, तीन, आणि आयत्या वेळचे विषय: नाहीत.

आयत्या वेळचे विषय नाहीत, कारण सभा कोणत्या वेळी आणि कोणत्या भाषेत होते हे आपण पाहत नाही. वेळेचेच घ्या. तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षांची काढणी जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालते. नेमक्या त्याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. म्हणून शाळा फेब्रुवारीत ‘महत्त्वाची पालकसभा’ ठेवते. व्यापारी गाडी घेऊन बागेच्या बांधावर उभा आहे, आभाळ भरून आले आहे, वर्षाची कमाई वेलीवर लोंबते आहे, आणि शाळेच्या वहीत त्या शेतकऱ्याच्या नावापुढे ‘अनुपस्थित’. हळदीचे तेच. काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश हे सारे याच महिन्यांत. सांगलीच्या मार्केट यार्डात ज्यांची पेढी आहे त्यांना हळदीच्या हंगामात दुपारी उसंत नाही. आणि संध्याकाळी सहाची सभा ठेवली तर आपल्याकडील सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरातील बाईला ती वेळ कशी जमेल, हे मुख्याध्यापकांना कोणी सांगितले आहे काय? सांगितले असते तर त्यांनी वेळ बदलली असती, अशी माझी खात्री आहे. शाळेचे वार्षिक नियोजन जूनमध्ये होते. त्या वेळी गावाची पिके आणि बाजाराचा हंगाम समोर ठेवला तर हा गुंता एका बैठकीत सुटेल.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. आपल्या समाजात घरोघरी बोली वेगवेगळी. कोणाकडे मराठी, सीमाभागातून आलेल्या घरांत कन्नड, व्यापारी घरांत गुजराती किंवा मारवाडी. जत तालुक्यात तर जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. आता मुले इंग्रजी माध्यमात आहेत. शाळेची सभा इंग्रजीत चालते, किंवा निम्मी इंग्रजीत. मी अशा सभांत मागच्या बाकावर बसून पाहिले आहे. पदवीधर आई, घरी हिशेब चोख ठेवणारी, चार माणसांत स्पष्ट बोलणारी. पण तिथे ती पदर सावरून गप्प बसते. तिला विचारायचे असते की मुलगा रात्री दचकून का उठतो, गणिताच्या तासाला त्याच्या पोटात का दुखते. ते इंग्रजीत कसे विचारायचे? आणि मराठीत विचारले तर आपले मूल शिक्षकांच्या नजरेत कमी ठरेल, ही भीती. मग ती घरी येऊन शिकवणी लावते. आपल्या भागात लावलेल्या कितीतरी शिकवण्यांचे खरे कारण हे न विचारलेले प्रश्न आहेत, असे मला वाटते. सभा पालकांच्या भाषेत घेतल्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळेची प्रतिष्ठा कमी होते, हा समज शाळांनी सोडावा. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रगतिपुस्तकाची भाषाही अशीच. २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुणांऐवजी श्रेणी आल्या आणि त्यांच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तम होती. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने दोन वाक्ये विचारपूर्वक लिहावीत, यात चुकीचे काय? पण साठ मुलांच्या वर्गाला, आठ विषयांना, दोन सत्रांना नोंदी लिहायच्या, म्हणून बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘अधिक सरावाची आवश्यकता आहे’. एकदा एका आईने मला विचारले, “बाई, अधिक सराव म्हणजे मी घरी नक्की काय करू? आणि कशाचा?” तिच्या मुलीला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. एवढेच लिहायला हवे होते. ‘हातच्याची वजाबाकी येत नाही, रोज पाच उदाहरणे करून घ्या.’ ते वाक्य कोणत्याही तयार पुस्तकात नसते, कारण ते फक्त त्या मुलीचे असते.

या बाबतीत साताऱ्याने अलीकडच्या काळातही महाराष्ट्राला एक वाट दाखवली आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम केले. वर्गाच्या फरशीवर आखलेले तक्ते, हाताळायचे साहित्य, जमिनीवर गटागटाने बसून आपापले काम करणारी मुले. ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे येऊ लागले आणि २०१५ साली शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला, त्यामागेही या शाळांचे उदाहरण होते. अध्यापन-पद्धतीच्या वादात मी पडत नाही. त्यावर मतभेद आहेत आणि असावेत. मला त्यातील एकच गोष्ट सांगायची आहे. अशा वर्गाच्या दारात पालक पाच मिनिटे उभा राहिला तरी आपले मूल काय करू शकते ते त्याला दिसते. निरक्षर आजीलाही दिसते. प्रगती कागदात शोधावी लागत नाही. पालकसभेत भाषण ठेवण्याऐवजी मुलालाच चार ओळी वाचायला आणि दोन गणिते करायला बसवले, तर शिक्षकाला वेगळे सांगावे लागणार नाही आणि पालकाला संशय घ्यावा लागणार नाही.

आता आजीचा उल्लेख आलाच आहे, तर मघाशी सांगितलेल्या गोरेगावच्या चित्राकडे वळते. वडील परगावी, मुले नातेवाइकांकडे. आपल्या दोन जिल्ह्यांची ही शंभर वर्षांची कहाणी आहे. जावळी, पाटण भागातील घरटी एक माणूस मुंबईला. आधी गिरणीत आणि गोदीत, नंतर माथाडी म्हणून. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी तामिळनाडूपासून दिल्लीपर्यंत पसरलेले. आणि उलट दिशेने, दिवाळीनंतर आपल्या साखर कारखान्यांच्या उसासाठी बीडकडून येणाऱ्या तोडणी कामगारांच्या टोळ्या, ज्यांची मुले कोयत्यामागे फिरतात किंवा गावी आजी-आजोबांकडे राहतात. साखरशाळा निघाल्या त्या या मुलांसाठी. ही मुले आपल्या ट्रस्टच्या सभासदांची नसतील, पण त्यांच्या आईबापांनी तोडलेला ऊस आपल्यापैकी अनेकांच्या शेतातला आहे.

अशा घरांत शाळेच्या दृष्टीने पालक कोण? दाखल्यावर बापाचे नाव, प्रत्यक्षात घरात आजी. सभेला आजी येते, मागे बसते, तिला कोणी काही विचारत नाही आणि वहीत अंगठा घेतला जातो. वास्तविक मूल केव्हा उठते, काय खाते, कोणाबरोबर हिंडते, मोबाइलवर किती वेळ असते, हे फक्त तिला माहीत असते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात परगावच्या वडिलांना आम्ही पोस्टकार्ड टाकीत असू. ‘आपला मुलगा सहामाहीत इतिहासात चांगला आला, अक्षर सुधारले आहे.’ पंधरा पैशांचे ते कार्ड त्या माणसाने पाकिटात जपलेले मी पुढे पाहिले आहे. पुन्हा सांगते, त्या कार्डात तक्रार नसे. तक्रारीचे कार्ड कोणी जपत नाही.

आता पोस्टकार्डाची जागा व्हॉट्सॲपने घेतली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि एका रात्रीत प्रत्येक वर्गाचा गट तयार झाला. त्या काळात या साधनाने शाळा जिवंत ठेवली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आज त्या गटांकडे पाहा. बहुतेक ठिकाणी संदेश पाठवण्याची मुभा फक्त शाळेला. उद्या पांढरा गणवेश. शनिवारी प्रकल्प जमा करणे. फीची अंतिम तारीख. पालकांनी अंगठा दाखवायचा. पूर्वी शाईचा होता, आता पिवळ्या रंगाचा आहे, एवढाच फरक. आणि जिथे पालकांना लिहिण्याची मुभा आहे तिथे शुभ सकाळ, वाढदिवस आणि मग एखाद्या शिक्षकाविषयी चार जणांची एकदम ओरड. शाळांनी मुभा काढून घेतली ती याच कारणाने, म्हणून दोष एकट्या शाळेचा नाही. गट हा सूचनाफलक आहे. त्याला सूचनाफलकच राहू द्यावे. मुलाविषयी बोलायचे तर एका शिक्षकाने एका पालकाला फोन करावा. गलाईसाठी सेलमला असलेला बाप रात्री नऊनंतर फोन घेऊ शकतो. वर्षातून दोन फोन, एका मुलामागे दहा मिनिटे. साठ मुलांचा हिशेब आपण केला तर वर्षाला वीस तास होतात. हे शिक्षकाच्या शालाबाह्य कामांत, म्हणजे याद्या आणि सर्वेक्षणांत जाणाऱ्या वेळापुढे काहीच नाही. पण हे वीस तास त्याच्या कामात धरले गेले पाहिजेत, मोफत मागता कामा नयेत.

हे सारे मी इतक्या आग्रहाने का सांगते आहे? बोलणे न झाल्याची किंमत शाळा देत नाही, पालकही देत नाहीत, मूल देते. नववीतील मुलगी महिनाभर मधून मधून गैरहजर राहते. वर्गशिक्षिका वहीत ‘गै’ लिहिते. घरात तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू असते. शाळेला कळते ते पत्रिका हातात पडल्यावर, आणि कधी कधी पत्रिकाही येत नाही. आपल्या समाजात असे होत नाही, असे म्हणण्याचा मोह आवरावा. वय पूर्ण होण्याआधीचे लग्न आपल्यात कमी झाले असेल. पण बारावीनंतर मुलीचे पुढे काय, हा निर्णय अनेक घरांत शाळेला, महाविद्यालयाला आणि खुद्द मुलीलाही न विचारता होतो. मुलाच्या बाबतीत दुकान असते. आठवीपासून तो संध्याकाळी गल्ल्यावर बसतो, दहावीत गुण घसरतात, शाळा म्हणते आळशी आहे, वडील म्हणतात शाळा शिकवत नाही. तो रोज चार तास दुकानात असतो, हे शाळेला ठाऊक नसते. त्याला चित्रकलेत गती आहे, हे वडिलांना ठाऊक नसते. दोन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या असत्या तर निदान वेगळी चर्चा झाली असती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची संकल्पना आहे. शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःविषयी आणि सोबत्यांनी त्याच्याविषयी सांगावे, ते पत्रक शाळा आणि घर यांना जोडणारा दुवा व्हावे आणि त्याच्या जोडीला पालक-शिक्षक भेटी असाव्यात, असे धोरण म्हणते. वर्णनात्मक नोंदींचे जे झाले ते याचे होऊ नये, म्हणून शिक्षकांना वेळ आणि पालकांना धीर, दोन्ही द्यावे लागतील. छापील पत्रके काय, छापून होतीलच.

शेवटी ट्रस्टपुढे एक लहानशी सूचना ठेवते. विश्वस्तांनी ती तपासून पाहावी. ट्रस्टचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी पाहिला आहे. त्यात गुण, उत्पन्न, पत्ता, बँकेचा तपशील, शिफारस करणाऱ्या दोन सभासदांच्या सह्या आहेत. मुलाविषयी आईवडिलांनी काही सांगावे, अशी जागा नाही. वर्गशिक्षकांनी काही सांगावे, अशीही नाही. अर्जाची मागची बाजू कोरी आहे. येत्या वर्षापासून तिच्यावर दोन रकाने आखावेत. एकात पालकांनी, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत, लिहावे की हे मूल घरी कसे आहे आणि शाळेने काय जाणून घ्यावे. दुसऱ्यात वर्गशिक्षकांनी लिहावे की हे मूल शाळेत कसे आहे आणि घराने काय जाणून घ्यावे. लिहिता येत नसेल त्यांचे आपल्या महिला मंडळाने ऐकून लिहून घ्यावे. आणि अर्ज मंजूर झाल्यावर त्या पानाची एक प्रत शाळेला, एक घरी द्यावी. जुलैत अर्ज येतात. तोवर छपाई होऊ शकेल.

 आता प्रश्न विचारावेत. मी बसते आहे.